फुलाबाईंची आगाऊ साक्ष

सातपुरात फुलाबाईंची प्रार्थना ज्यानं ऐकली नाही, त्यानं प्रार्थना कशाला म्हणतात तेच ऐकलं नाही! आजाऱ्याच्या कपाळाला तेलाचं बोट लावायचं आणि थेट आजारालाच झापायला घ्यायचं. "तापा, लाज नाय वाटत तुला? लेकुरवाळ्या बाईच्या अंगात शिरतो? येशूच्या नावानं सांगते, नीघ!" बाई सुरगाण्याकडच्या, डोंगरातल्या. नागलीच्या शेतातून दुसऱ्याची बकरी हाकलावी तसा त्यांनी आजवर कितीकांचा ताप हाकलला होता.

नवरा देवराम अगदी उलटा. उभा जन्म कारखान्यात लेथवर गेला. मापात केसभर फरक पडला तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही आणि खोटं तर त्याच्या तोंडून कधी निघालंच नाही. तीस वर्षं दर रविवारी तो बायकोला मंडळीच्या, म्हणजे तिच्या चर्चच्या, दारात सोडायचा आणि स्वतः बाहेर टपरीवर पेपर वाचत बसायचा. "तुझ्या देवाला कमी ऐकू येतं का गं?" असं विचारून बाईंना चिडवायचा.

त्याच देवरामच्या फुप्फुसात गाठ निघाली. दोन महिने, फार तर तीन, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता या मंडळीची एक रीत आहे. देवाकडे मागितलेलं हातात पडायच्या आधीच, ते मिळालं असं धरून, सगळ्यांसमोर साक्ष द्यायची. विश्वास तो हाच. त्या रविवारी फुलाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझे मालक बरे झाले! पुढच्या रविवारी इथं आणून उभे करते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी येऊन बघतात तर देवराम भिंतीला टेकून बसलेला, दोन शब्द बोलला की धाप.

झाली का पंचाईत! आठवडाभर बाईंनी उपास धरला, तेल लावलं, गाठीला नाही नाही ते बोलल्या. गाठ कसली हलतेय! शनिवारी त्यांनी हात टेकले. "पास्टरांना निरोप धाडते, उद्या जमायचं नाय," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.  रविवारी सकाळी मात्र देवरामनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाला, "चल, रिक्षा बोलव."

मंडळीत पास्टर भिमाजींनी माईक पुढं केला. खुर्चीला धरून देवराम उभा राहिला. "मी बरा झालो," एवढं म्हणाला आणि खोकल्यानं वाकला.

 फुलाबाईंनी शर्टाला धरून त्याला खाली बसवलं. "जन्मात खोटं नाय बोललात, आन् आता माझ्यासाठी देवाच्या घरात बोलता?" मग माईकवर म्हणाल्या, "मंडळी, हे बरे नाय. मीच घाई केली. माझ्या बोलण्याची लाज राखायला हे आलेत."

 मग सुलाबाई उठल्या. कधीकाळी फुलाबाईंनीच त्यांचा ताप उतरवला होता. त्यांनी देवरामच्या डोक्यावर हात ठेवला. पाठोपाठ दुसरा हात, तिसरा. बघता बघता देवराम दिसेनासा झाला. आता फुलाबाई गरजणार म्हणून सगळे थांबले. बाईंनी मात्र हळूच हात जोडले.

"देवा," त्या कशाबशा म्हणाल्या, "तू मेलेल्यांना उठवतो, ते मला ठाऊक हाय. पण ह्यांना आत्ताच नेऊ नको रे. ह्यांच्याबिगर मला करमायचं नाय."

"आमेन," आतून देवरामचा आवाज आला.

तो त्यानंतर अकरा महिने जगला आणि एकही रविवार त्यानं चुकवला नाही. मंडळी याला चमत्कार म्हणते. जगाच्या शेवटच्या दिवशी देवराम कबरेतून उठणार, आपल्याला भेटणार, याबद्दल फुलाबाईंच्या मनात तिळमात्र शंका नाही. तोवर काय करायचं, एवढंच त्या देवाला रोज विचारतात.