दाराबाहेरची मेविस

इंग्लंडातल्या हल बंदराच्या गोदीत उभी हयात मासे चिरण्यात घालवलेली मेविस हार्कर कुणाच्या बापाला भीत नसे. पण इंग्रज तो इंग्रजच! भिंतीवर नियमाची पाटी दिसली की बाईची जीभ टाळ्याला चिकटे.

शेजारच्या नोरा ब्लेंकिनला ती मावशी म्हणे. रक्ताचं काही नव्हतं, पण म्हातारीची नखं कापायची मेविसने, कस्टर्ड भरवायचं मेविसने. म्हातारीला धास्ती एकच.

"मरताना हात धरशील ना गं?"

"धरीन हो मावशी. मासळीचा वास येईल, चालेल ना?"

"चल, चहाटळ कुठली!"

नोराला इस्पितळात नेलं. खोलीच्या दारावर पाटी होती: 'फक्त रिलेटिव्ह्ज'.

नर्सने विचारलं, "तुम्ही रिलेटिव्ह का?"

एकदा 'हो' म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती? पण नाही! "शेजारीण," मेविस म्हणाली आणि कस्टर्डचा डबा मांडीवर घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसली.

आत कोण, तर भाचा ग्रेहम. नाताळच्या कार्डापुरता भाचा! मेविसला त्याने नावही विचारलं नाही. दारात येऊन डॉक्टर त्याला म्हणाले, "कालच्या मानाने रिलेटिव्हली बऱ्या आहेत." या लोकांची भाषा तरी बघा, सोयऱ्याला आणि तुलनेला शब्द एकच! ग्रेहमही तसलाच, तुलनेपुरता सोयरा. लगेच बायकोला फोन लावून म्हणाला, "आईने जायला फार दिवस लावले होते गं. त्या मानाने आत्याचं लवकर आटपेल."

शी! सडक्या माशांचीही कधी किळस आली नव्हती, ती मेविसला या वाक्याची आली. तरी उठली नाही ती. पाटी होती ना!

संध्याकाळी नर्स आणि ग्रेहम बाहेर आले.

"गेल्या हो," नर्स म्हणाली. "दुपारभर मेविस, मेविस करत होत्या. कोण ही? मुलगी का?"

"छे, आत्याला मूलबाळ नाही," ग्रेहम कोट चढवत म्हणाला. "बरळत असेल. मी लक्ष दिलं नाही."

मेविस ताडकन उठली. डबा पडला, कस्टर्ड ग्रेहमच्या बुटांवर सांडलं.

"अहो बाई, आत फक्त..." नर्स आडवी आली.

"हो बाजूला!"

आत मावशीचा हात गार पडला होता. तिने तो दोन्ही हातांत घट्ट धरला. ग्रेहमची तर किळस आलीच होती, आता स्वतःचीही आली.

"आले गं मावशी," ती म्हणाली. "बाहेर पाटी वाचत बसले होते मेली मी."