घरचा मासा

मासा मोठा करायचा असेल तर त्याला खाऊ घालण्यापेक्षा त्याच्या आसपासची गर्दी कमी करणं जास्त महत्त्वाचं, असं धुळ्याच्या कॉलेजातले आमचे प्राणिशास्त्राचे सर सांगायचे. मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. बरण्या पुसायच्या, बेडूक मोजायचे आणि संध्याकाळी कपड्यांना फॉर्मालीनचा वास घेऊन घरी जायचं, अशी माझी पहिली नोकरी. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी काचेच्या पेटीतली कोई जातीची सात पिल्लं माझ्या हवाली केली. जपानी मासे, बोटाएवढे. चांगल्या हौदात ठेवलेस तर हातभर होतील, म्हणाले. मला खरं वाटलं नाही, पण मी ती घेतली.

पुढे जळगावच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली आणि मी ही पिल्लं दुधाच्या कॅनमधून एस.टी.ने आणली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी झाकण काढून हाताने पाणी ढवळत होतो. शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, दूध नासलं का. मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरला ऐकवलेलं सगळं पुन्हा ऐकवावं लागलं असतं.

मेहरूणच्या तळ्याच्या अलीकडे नवी कॉलनी पडत होती. तिथे मी दोन खोल्यांचं घर बांधलं. बांधकामाच्या पाण्यासाठी अंगणात हौद केला होता तो गवंडी फोडायला निघाला, तर मी त्याच्याकडून उलट तो आणखी दीड फूट चढवून घेतला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असायची, म्हणून पाणी दोन दिवस पिंपात उघडं ठेवून मग हौदात सोडायचं. जुन्या पिंपात खडी आणि नारळाचा काथ्या भरून गाळणी केली. शेंगदाण्याची पेंड, उकडलेलं सोयाबीन, उन्हाळ्यात टरबुजाचे तुकडे. थंडीत मासे खात नाहीत आणि वाढतही नाहीत, उन्हाळ्यात मात्र बघता बघता वाढतात. सातातले तीन जरा बारके राहिले, ते मी कॉलेजला देऊन टाकले. गर्दी कमी केली. उरलेल्या चारांत एक मादी होती, सबंध पांढरी आणि कपाळावर तेवढा तांबडा डाग. पाच वर्षांत ती बावीस इंच झाली. मी हौदाच्या भिंतीवर रंगाने इंचांच्या खुणा केल्या होत्या आणि दर रविवारी तिला मापायचो. ती माझ्या हातातून खायची. त्यासाठी मी दोन उन्हाळे रोज सकाळी पाण्यात हात घालून बसलो होतो.

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. त्या कॉलनीत बौद्धाचं घर आमचं एकट्याचं. कुणी वाईट वागलं असं नाही, पण कुणी घरातही येत नव्हतं. हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या दाराला वळसा घालून पुढे जायचं. मासे मोठे झाले आणि लोक यायला लागले. आधी पोरं आली, मग पोरांना शोधत बाया आल्या, मग शेजारचे बँकवाले साहेब त्यांच्या पाहुण्यांना घेऊन आले. आमच्याकडचा चहा टाळणारी माणसं हौदापाशी अर्धा तास उभी राहायची आणि मला प्रश्न विचारायची. मी उत्तरं द्यायचो. हे मला किती गोड लागायचं ते मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, पण तिला कळत असणार.

आम्ही दोघे भाऊ. आई-वडील लवकर गेले. मी मोठ्या भावाच्या हाताखाली वाढलो, मुक्ताईनगरकडच्या खेड्यात. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा आणि भाऊ विशीतला. तो सरकारी कामावर खडी फोडायला जायचा. तिथे मजुरांना सुकडी मिळायची, गोडसर भरड पिठाची. भाऊ ती धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचा आणि मी ती खायचो. तो काय खायचा हे मी विचारल्याचं मला आठवत नाही. नंतर तो केळीच्या बागांमध्ये मजुरीला जाऊ लागला आणि त्या मजुरीवर त्याने मला बी.एस्सी. केलं. त्याचं शिक्षण चौथीपर्यंत. त्याला स्वतःचं मूल नव्हतं.

मला मुलगी झाली तेव्हा खरं तर बायकोची आई यायची होती, पण धुळ्याला तीच अंगणात पडली आणि मांडीचं हाड मोडून बसली. तिचा निरोप आला, ‘पोर कशी शे ते कळवा.’ मग भाऊ आणि वहिनी आले. वहिनींनी येताच घर ताब्यात घेतलं. भाऊ दिवसभर अंगणात हौदाच्या कठड्यावर बसून राहायचा.

“काय खाऊ घालतो रे याहिले?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. पेंड, सोयाबीन, टरबूज. तो मान हलवत राहिला. “बरे जोपासले हायेत,” म्हणाला. मला बरं वाटलं. कॉलनीतले लोक वाखाणायचे त्याच्यापेक्षा हे जास्त बरं वाटलं.

बायकोला दूध उतरत नव्हतं. पोरगी चार दिवस सारखी रडत होती. डॉक्टरांनी पावडरचा डबा लिहून दिला, पण पोरगी बाटली तोंडात धरेना. वहिनींनी मेथीचे लाडू दिले, बाजरीची खीर दिली. पाचव्या दिवशी माझ्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. दीड वाजता जेवायला घरी आलो तर दारातच माशाच्या रश्शाचा वास आला. माझी भूक खवळली. वहिनींनी ताट वाढलं. बायको आत खोलीत जेवून झोपली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या, रस्सा पुन्हा मागून घेतला आणि वहिनींना म्हणालो, असा मासा कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता. कुठून आणला?

भाऊ समोरच बसला होता. हसला. “घरचाच हाये.”

मला कळलं नाही. कळलं नाही असंही नाही, पण ते ज्या अर्थाने कळायला हवं होतं त्या अर्थाने मी ते घेईना.

“सगळ्यात मोठा काढला,” भाऊ म्हणाला. “पोरीच्या मायले लहान कायले द्याचा? अन् तो आपसूकच हाती आला. जाळं बी लागलं नाही.”

मी उष्ट्या हाताने अंगणात गेलो. हौदात तीन मासे होते. पिंपामागे खवले झाडून एका जागी केले होते. आतडी वहिनींनी खत म्हणून मोगऱ्याच्या मुळाशी पुरली होती. सगळं कसं जिथल्या तिथे, सारवल्यासारखं स्वच्छ.

आज विचार केला की मला त्याचं सगळं स्पष्ट दिसतं. आमच्या गावात कोंबडी पाळतात ती अशाच दिवसासाठी. तिला दाणे घालतात, मांजरापासून राखतात, तिच्यावर जीवही असतो, आणि घरात बाळंतपण आलं की तीच कापतात. परक्यासाठी लहान कापतात, आपल्या माणसासाठी सर्वांत मोठी. बाळंतिणीला माशाचा रस्सा दिला की दूध उतरतं हे तिकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी घरात मासे पोसतोय, बायको पोटुशी आहे, मासे अंगाने भरलेत. भावाच्या हिशेबी मी ते ह्याच दिवसासाठी वाढवले होते आणि परीक्षेच्या गडबडीत मला वेळ मिळाला नव्हता. एक मोठं काम त्याने माझ्या डोक्यावरून उतरवलं होतं.

पण तेव्हा मला हे काही दिसलं नाही. नेमके तेव्हाच कुंपणाच्या भिंतीवरून बँकवाले साहेब डोकावले आणि म्हणाले, उद्या सकाळी साडूंना घेऊन येतो, त्यांना पांढरी दाखवायची आहे. त्यांनी माझा हात पाहिला, माझ्या मागे दारात आलेल्या भावाला पाहिलं, आणि त्यांना वास आला असावा. “खाल्ला की काय?” ते म्हणाले आणि हसले. वाईट हसले नाहीत. मजा वाटून हसले.

मी भावाकडे वळलो. भावाला मी जन्मभर अरे-तुरे केलं होतं. त्या दिवशी म्हणालो, “तुम्हा लोकांना पोटापलीकडे काही दिसतच नाही. जे हलतं ते खायचं. जन्माचे भुके तुम्ही लोक.”

‘तुम्ही लोक’ हे शब्द माझे नव्हते. ते मी शाळेत, बसमध्ये, ऑफिसात ऐकत मोठा झालो होतो, आणि ऐकताना दर वेळी दात आवळले होते. माझ्याच तोंडातून ते इतके सहज निघाले की साहेब हसायचे थांबले आणि भिंतीमागे गेले.

भावाने एकदा हौदाकडे पाहिलं. “चुकलं माह्यं,” म्हणाला. “मले काय मालूम.” मग आत जाऊन त्याने माझं ताट उचललं, स्वतः घासलं आणि पालथं घातलं. वहिनी पदर तोंडाला लावून चुलीपाशी बसल्या होत्या. ते लगेच गेले नाहीत, हे आणखी वाईट. बाळंतीण होती म्हणून बारा दिवस राहिले. भाऊ त्या बारा दिवसांत कोपऱ्यावरच्या टपरीवर पाव खाऊन यायचा आणि सांगायचा, पोट भरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी बायकोला दूध उतरलं. मेथीने उतरलं की माशाने, कोण सांगणार. बायकोचं मत पक्कं होतं. ती मला इतकंच म्हणाली, “तुमच्या माशाला मी विसरेन. तुम्ही बोललात ते मला विसरता येणार नाही, आणि मी तर परक्याची लेक.”

नंतर भाऊ येत राहिला. पोरीवर त्याचा फार जीव. केळीचा फणा घेऊन यायचा, तिला खांद्यावर बसवून तळ्यापर्यंत फिरवून आणायचा. पण घरात शिरण्याआधी हौदापाशी थांबून विचारायचा, “बरे हायेत ना?” आणि ताट वाढलं की, “जेवूनच निंघालो.” सकाळी पहिल्या गाडीने निघालेला माणूस कुठे जेवून निघतो? मी आग्रह करायचो, बायको चिडायची, पोरगी त्याच्या तोंडाशी घास न्यायची. तिचा घास तो खायचा. माझ्या ताटातलं काही खाल्लं नाही.

दोन वर्षांनी एकदा तो दुधाची किटली घेऊन आला. दोन गाड्या बदलून. झाकणाला भोकं पाडलेली, आत तापीतला एक करडा मासा, वीतभर, श्वासासाठी धडपडणारा. “हा घे,” म्हणाला. “पांढरा कुठी भेटला नाही.”

मी तो घेतला. भाऊ संध्याकाळच्या गाडीने गेला आणि मी तो मासा मेहरूणच्या तळ्यात सोडून आलो. नदीच्या माशाबरोबर माशांना लागणाऱ्या उवा येतात, त्या एकदा हौदात शिरल्या की सगळे मासे जातात. शास्त्राप्रमाणे माझं बरोबर होतं. पुढच्या खेपेला त्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, तो तळाशी असतो, वर येत नाही. त्यानंतर तो दर वेळी कठड्यावर ओणवा होऊन हिरव्या पाण्यात तळाशी बघत बसायचा. मी घरातून त्याची पाठ बघायचो. मला माझी शरम वाटायची, आणि तरी मी खरं सांगितलं नाही.

उरलेल्या तिघांतली एक मादी पुढे सव्वीस इंचांची झाली. माझ्या माहितीत जळगावात एवढा कोई कुणाकडे नव्हता. लोक बघायला यायचे. मी आता प्रश्नांची उत्तरं थोडक्यात द्यायचो आणि आत जायचो.

मुलगी सात वर्षांची असताना भावाच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. मी त्याला जळगावच्या दवाखान्यात आणलं, मग घरी. पातळ काहीतरी पोटात गेलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनी मुगाचं कढण करायच्या आणि मी वाटी घेऊन त्याच्या उशाशी बसायचो. तो तोंड बंद ठेवायचा. वहिनींच्या हातून दोन चमचे घ्यायचा, माझ्या हातून नाही.

एका दुपारी खोलीत आम्ही दोघेच होतो. मी वाटी खाली ठेवली आणि सात वर्षं तोंडात धरलेलं बोललो. “भाऊ, त्या दिवशी मी तुला जे बोललो ते खोटं होतं. मला माफ कर.”

त्याचा आवाज तेव्हा अगदी बारीक झाला होता. मला कान त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

“खोटं काय बोलला तू?” तो म्हणाला. “भुकेच व्हतो आम्ही. तू भुका नव्हता. तेवढं मी पाह्यलं व्हतं.”

त्यात राग नव्हता. जे होतं ते त्याने सांगितलं. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि मी गार झालेलं कढण घेऊन तसाच बसून राहिलो. नंतर तो दीड महिना जगला, आणि माझ्या हातचं त्याने शेवटपर्यंत काही खाल्लं नाही.