मी दार धरून ठेवलं

माझा मोठा भाऊ कामरेजच्या पुढे एका शेतकऱ्याच्या ऊसमळ्यावर राखणीला होता. तिथल्याच दोन खोल्यांत तो आणि वहिनी राहत. अंगणापलीकडे पत्र्याचा गोठा होता, त्यात चार म्हशी. मे महिन्यातल्या एका रविवारी मी कोसाडहून त्यांच्याकडे जेवायला गेले होते.

दिवसभर चहूकडे गडगडत होतं. चारच्या सुमारास अंधारून आलं आणि गारा सुरू झाल्या. छपरावर असा मारा, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. मग गारा एकदम थांबल्या. भावाने खिडकीतून पाहिलं. ढगातून एक सोंड खाली उतरली होती आणि तिच्याखालचा ऊस मुळासकट वर चालला होता.

"म्हशी बांधलेल्या आहेत," एवढंच म्हणून त्याने कोयता उचलला.

"कथा चालनात?" कुठे चाललात, असं वहिनीने अहिराणीत विचारलं, तोवर तो बाहेर पडला होता.

वाऱ्याने दार आत ढकललं. आम्ही कडी घातली, दाराला पाठी लावल्या, पाय खाटेला टेकवले. कानांत दडे बसले. बाहेर वीज कडाडली की खांबावरची डीपी फुटली, कळलं नाही. डोक्यावरचा एक पत्रा खिळ्यांसकट उचकटून गेला, मग दुसरा. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"दार उघडा," भावाचा आवाज.

वहिनीचा हात कडीकडे गेला. मी तिचे केस धरून तिला मागे ओढलं. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली, रक्त आलं, तरी मी सोडलं नाही. आणखी दोन थापा पडल्या. मग काहीच नाही.

सगळं मिळून दोन मिनिटं असतील. दार उघडलं तेव्हा गोठा नव्हताच. एक म्हैस मानेत पत्रा घुसून मरून पडली होती. तीन उसात उभ्या होत्या, गळ्यात कापलेली दावी. भाऊ सिमेंटच्या गव्हाणीत पालथा सापडला. पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली होती, पण तो शुद्धीवर होता. रस्त्यापलीकडच्या घरी दोरीवरचे कपडे जसेच्या तसे होते. त्या घरातल्यांनीच टेम्पो काढला. "वंटोळ आयो," वावटळ आली, असं ते गुजरातीत पुन्हापुन्हा म्हणत होते.

बारडोलीच्या दवाखान्याच्या वाटेवर भाऊ माझं चावलेलं मनगट बघून मला म्हणाला, "उघडलं नाहीस ते बरं केलंस. सगळं छप्पर उडालं असतं."

वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बाहेर बघत राहिली.

मी छपराचा विचार केला होता, असं मला म्हणता येत नाही. मी फार घाबरले होते. तो बरा झाला, पुन्हा मळ्यावर कामाला लागला. मी गेले की वहिनी वाढते, विचारपूस करते. फक्त घरात आम्ही दोघीच उरलो, की ती काहीतरी काम काढून अंगणात जाते.