कोचसाठी केलेले उपास

पॅटनबर्गमध्ये कुणाच्या छातीत कळ आली, कुणाची सून घर सोडून गेली, की पहिला फोन डॉक्टरला किंवा वकिलाला जायचा आणि दुसरा नेल्डा क्राउचला. कधीकधी नेल्डालाच आधी. सायप्रस क्रीक बॅप्टिस्ट चर्चची प्रार्थनेची साखळी ती सांभाळायची. तिनं वांडा जीनला कळवायचं, वांडा जीननं पुढच्या बाईला, आणि दुपारच्या आत चर्चच्या सगळ्या बायका ते नाव घेऊन देवापुढे बसलेल्या असायच्या.

नेल्डा सारा जन्म शाळेच्या खानावळीत राबली होती. नवरा रॉय कर्करोगानं गेला, मुलगी लग्न होऊन टेक्सासला. घरात उरली ती, तिचे दुखरे गुडघे आणि साखरेचा आजार. गाणं तिला येत नव्हतं. चारचौघांत बायबल वाचायला उभी राहिली की अक्षरं नाचायची. पण प्रार्थना तिला यायची. आलेलं नाव तिनं कधी टाळलं नाही. तिच्या कुंपणात ट्रक घालणाऱ्या दारुड्याचंही नाव तिनं घेतलं होतं, आणि घेताना मनात राग ठेवला नव्हता. याच एका गोष्टीचा तिला थोडासा अभिमान होता, आणि त्या अभिमानाची माफीही ती रोज रात्री मागायची.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण व्हायचं. ताटं उचलली की पास्टर, म्हणजे ब्रदर डेल, विचारायचे, "कुणाची काही विनंती?" मग कुणी आईचा मोतीबिंदू सांगायचं, कुणी मुलाची नोकरी. ज्याची गोष्ट सांगण्यासारखी नसेल तो नुसता हात वर करून म्हणायचा, "माझी मनातली आहे." मनातली म्हटलं की पुढे कुणी विचारायचं नाही. पण माहीत सगळ्यांना असायचं. मनातली म्हणजे नवऱ्याची दारू, लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, नाहीतर गाठीचा रिपोर्ट. ज्या गोष्टीची लाज वाटते किंवा धडकी भरते, तिच्यासाठीच ती पळवाट ठेवलेली होती.

नोव्हेंबर संपता संपता एका बुधवारी कोच हार्बिसन उभा राहिला.

क्लिंट हार्बिसन म्हणजे गावाचा जीव की प्राण. तो येण्याआधी टॉलिव्हर स्टेट कॉलेजचा फुटबॉल संघ म्हणजे शेजारच्या गावांची करमणूक होती. त्यानं चार वर्षांत संघ असा वर काढला, की शनिवारी मॅच असली म्हणजे लग्नाची तारीख कुणी धरेना. वर माणूस देवाधर्माचा. तो इथे कायमचा राहणार हे लोकांना पटावं म्हणून त्यानं चर्चच्या दफनभूमीत स्वतःसाठी आणि बायकोसाठी जागा विकत घेतली होती. नवीन मुलगा संघात घ्यायचा असला की त्याच्या आईला तो मुद्दाम तिथे घेऊन जायचा आणि म्हणायचा, "मॅम, तुमचा मुलगा मी सांभाळीन. आणि मी कुठे जाणार? माझी माती इथेच पडणार." आया डोळे पुसत सही करायच्या.

तर तो उभा राहिला. शेजारी बायको डॅना, उन्हाळ्यापासून पार वाळलेली, खाली ताटाकडे बघत होती.

"आमच्या घरची एक मनातली आहे," कोच म्हणाला. आवाज कापला. "याहून जास्त माझ्यानं बोलवत नाही. फक्त प्रार्थनेत आम्हाला उचलून धरा."

नेल्डानं डॅनाच्या मनगटाकडे पाहिलं. रॉयची मनगटं शेवटी अशीच झाली होती.

परतताना गाडीत वांडा जीन म्हणाली, "छातीचा कर्करोग असेल गं. तिच्या आईला होता म्हणतात."

"विचारायचं नाही," नेल्डा म्हणाली.

"मी कुठे विचारतेय? मी सांगतेय."

दुसऱ्या दिवसापासून नेल्डानं बुधवारचं रात्रीचं जेवण सोडलं, आणि रोज दुपारचंही. ती वेळ ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसायची आणि डॅनाचं नाव घ्यायची. रॉयच्या वेळी तिनं जे जे मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं, ते सगळं तिनं डॅनासाठी पुन्हा मागितलं. तिला ते सोपं गेलं नाही. एकदा साखर इतकी उतरली, की ओट्याला धरत धरत ती खालीच बसली. वांडा जीननं येऊन संत्र्याचा रस पाजला आणि तोंड सोडलं.

"देव काय तुझं ताट बघत बसलाय? तुला काही झालं तर तुझ्यासाठी उपास कोण करणार? मी तर नाही करणार, आधीच सांगते."

"गप गं. तिची लेकरं लहान आहेत."

बायकांनी कोचच्या घरी जेवण पोचवायचं ठरवलं. आज हिनं ओव्हनमधला चिकन-भात, उद्या तिनं रताळ्याचा गोड पदार्थ, परवा कुणी घेवडा आणि मक्याचा पाव. भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहायचं, म्हणजे भांडं परत येतं. डबा दारात घ्यायला कोचकडे मुलं सांभाळणारी पोरगी यायची, थँक यू म्हणायची, दार लागायचं. डॅना झोपली असेल, असं म्हणून बायका पायऱ्या हळूच उतरायच्या.

नेल्डाची पाळी पुन्हा आली तेव्हा तिनं कोंबडीच्या रश्श्यात कणकेचे गोळे सोडून भलं मोठं पातेलं भरलं. पातेलं जड, म्हणून ती मागच्या बाजूनं गॅरेजपाशी गेली. दार उघडं होतं. आत डॅना घट्ट कपडे घालून ट्रेडमिलवर पळत होती, कानात गाणी. चेहरा लाल, घामानं चमकणारा. आजारी माणूस असं पळत नाही.

"अय्या, मिस नेल्डा!" ती उतरली. "कशाला एवढं? बरं, ठेवा ना त्या फ्रिजमध्ये."

नेल्डानं गॅरेजातला फ्रिज उघडला आणि आंबूस भपका तिच्या तोंडावर आला. वरपासून खालपर्यंत भांडी. तिचा पहिला चिकन-भात तसाच, चमचासुद्धा न लागलेला, वर हिरवट लव उगवलेली. वांडा जीनचं रताळं काळं पडून पाणी सुटलेलं. म्हाताऱ्या मिसेस टॅटमनं थरथरत्या हातांनी केलेला अ‍ॅपल-पाय, त्याच्यावर कुणीतरी सोड्याच्या बाटल्या रचलेल्या. पातेलं हातात घेऊन नेल्डा तशीच उभी राहिली.

"आम्ही गहू आणि दूध सोडलंय ना," डॅना टॉवेलनं मान पुसत म्हणाली. "टाकायचं जिवावर येतं हो. सगळ्यांनी इतक्या प्रेमानं..."

"तुझी तब्येत?"

"माझी? मस्त आहे! रोज पळते मी." मग तिच्या ध्यानात आलं असावं. ती हसली, जरा जवळ आली. "तुम्हाला म्हणून सांगते, अजून सही व्हायचीय. क्लिंटला उत्तरेकडच्या मोठ्या व्यावसायिक संघानं बोलावलंय. म्हणून तर मनातली म्हटलं, वकिलानं तोंड उघडू नका सांगितलं होतं. आणि तुमच्या प्रार्थनेचा काय गुण आला, मिस नेल्डा! आम्ही मागितला त्याच्याही वर पगाराचा आकडा गेला!"

पातेलं घेऊन नेल्डा तशीच मागे फिरली. फाटकापाशी पोचेपर्यंत रस्सा हिंदकळून तिच्या स्वेटरच्या बाहीवर आला होता.

सही झाली. संघाच्या पोरांना ते व्यायामशाळेत, आपापल्या फोनवरून कळलं. कोचनं त्यांना एकत्र बोलावलंही नाही. शुक्रवारी नेल्डा केस सेट करायला पार्लरमध्ये बसली होती, तेव्हा टीव्हीवर तो दिसला. नवा कोट, नव्या संघाच्या रंगाचा टाय. "आम्ही गुडघ्यांवर बसून विचारलं," तो म्हणत होता. "आमच्या छोट्याशा चर्चनं विचारलं. आणि देवानं हे दार उघडलं. मी कोण नाही म्हणणारा?" आणि त्यानं डोळ्याची कड एका बोटानं टिपली. कड कोरडी होती. नेल्डानं रॉयच्या खाटेशेजारी बसून इतकं रडून घेतलं होतं, की ओली कड आणि कोरडी कड तिला लांबून कळायची.

शेजारच्या केस वाळवायच्या यंत्राखालून वांडा जीन ओरडली, "देव या माणसाला दर वेळी जास्त पगाराकडेच कसा बोलावतो? माझ्या नवऱ्याला बोलावलं ते रात्रपाळीला!"

सगळ्या हसल्या. नेल्डाला हसू आलं नाही. त्या माणसाच्या तोंडून देवाचं नाव ऐकून तिला शिसारी आली, दुसऱ्याच्या तोंडातला चघळलेला घास आपल्या ताटात पडावा तशी.

घरी येऊन ती रोजच्या खुर्चीवर बसली, डोळे मिटले, आणि शब्द येईनात. "हे आमच्या स्वर्गातल्या पित्या," म्हटलं की पुढे तो फ्रिज दिसायचा.

शनिवारी सकाळी ब्रदर डेल आले. कॉफी घेतली, केकचा तुकडा घेतला, मग मुद्द्यावर आले.

"उद्या कोचना आपण समोर बोलावणार आहोत. सगळे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून निरोप देऊ. प्रार्थना तुम्ही म्हणायची, सिस्टर नेल्डा. साखळी तुमची. त्यांनी स्वतः तुमचं नाव घेतलं."

"कसली प्रार्थना?"

"हेच, की देवानं त्यांना पाठवलंय, त्याला साक्ष म्हणून. चार शब्द."

"मला देवानं असं काही सांगितलेलं नाही, ब्रदर डेल. मी तिकडे डॅनाचा कर्करोग बरा कर म्हणत होते."

पास्टरनी कपातल्या कॉफीकडे पाहिलं. नेल्डाला एकदम कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"सिस्टर, मला विश्वासात घेऊन सांगितलेलं. मी कसं..."

"मी उपाशी बसत होते. बुधवारी तुमच्यासमोर ताट पालथं घालत होते. तुम्हीच म्हणालात, धन्य आहे तुमची."

"उपास कधी वाया जात नाही," ते हळूच म्हणाले. "आणि हॉलचं नवं छप्पर कोणी घातलं, तेही बघा. त्या दफनभूमीतल्या दोन जागासुद्धा ते चर्चला परत देताहेत. तुम्ही उभ्या राहिला नाहीत तर लोक बोलतील. वाईट दिसेल."

"छपराखाली मी बसते, त्याबद्दल त्यांचे आभार. पण मी न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणार नाही. ते दहा आज्ञांत आहे. खोटी साक्ष देऊ नको."

"विचार करा," ब्रदर डेल म्हणाले आणि केक संपवून गेले. ताट धुताना नेल्डानं ते नेहमीपेक्षा दोनदा जास्त घासलं.

ती रविवारी घरी राहू शकली असती. गुडघे दुखतात म्हणाली असती तर कुणी बोललं नसतं. पण ते पुन्हा खोटंच झालं असतं. ती निळा ड्रेस घालून गेली आणि आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. चर्च खचाखच भरलं होतं. मागच्या रांगेत दोघांनी एवढ्यातच नव्या संघाच्या टोप्या आणल्या होत्या, मांडीवर धरून बसले होते. फुटबॉलची पोरं नेहमी डावीकडे बसायची. त्या रांगेत चौघेच होते, मान खाली घालून.

ब्रदर डेलनी कोचला बायकामुलांसह पुढे बोलावलं. मग हसून म्हणाले, "आणि आता आपल्या सिस्टर नेल्डा आपल्याला देवासमोर नेतील."

नेल्डा उठली. समोरच्या बाकाला धरून जागच्या जागी उभी राहिली.

"मी येणार नाही, ब्रदर डेल. मी काल सांगितलं होतं. या कुटुंबासाठी मी जे मागितलं ते यांना नकोच होतं, आणि यांनी जे मागितलं ते मला ठाऊक नव्हतं. देवानं यांना पाठवलं असेल तर असेल. मी ऐकलेलं नाही. मी म्हणणार नाही."

आणि ती खाली बसली. कुणीतरी खोकलं. वांडा जीननं तिचा हात घट्ट दाबला आणि पुटपुटली, "पाणी हवंय का? पडशील बघ." तेवढ्यात चर्चचा कारभारी डीकन हॉइट लगबगीनं पुढे गेला, कोचच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं लांबलचक प्रार्थना केली. देवानं दार उघडलं, मार्ग दाखवला, विजय दिला, सगळं आलं. आमेन झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेल्डाच्या शेजारच्या बाईनंही वाजवल्या, तिचा घेवडा त्या फ्रिजमध्ये कुजला होता.

बाहेर पडताना रांग लागली. कोच प्रत्येकाचा हात हातात घेत होता. नेल्डापाशी आला तेव्हाही तेच हसू. बोटात विजेतेपदाची अंगठी, अक्रोडाएवढी.

"मिस नेल्डा, मनात काही ठेवू नका. माझ्यासाठी प्रार्थना करत राहाल ना?"

आजूबाजूचे कान टवकारले. नेल्डानं त्या हाताकडे पाहिलं आणि आपली पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"आधी त्या पोरांसाठी करीन, ज्यांच्या आयांना तुम्ही स्मशान दाखवून इथे आणलंत. मग त्या आयांसाठी. त्यानंतर तुमची पाळी."

त्याचं हसू गेलं नाही, पण ते नुसतं ओठांवर उरलं. तो पुढच्या माणसाकडे वळला.

दुपारी नेल्डा जेवली. भरपेट, मांस, बटाटे, पाव, सगळं. मग खुर्चीवर बसून तिनं डोळे मिटले. डावीकडच्या बाकावरची पोरं आठवून एकेक नाव घेतलं. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांच्या जर्सीवरचे आकडे आठवून घेतले. त्यांच्या आयांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांच्यासाठी मागितलं. शब्द पुन्हा येऊ लागले होते, अडखळत, पण तिचे स्वतःचे.

मग कोचचं नाव आलं, आणि तोंड बंद झालं. ती उठली, भांडी घासली, पुन्हा बसली. तिथपर्यंत आली, पुन्हा थांबली. आयुष्यात पहिल्यांदा एक नाव तिच्या जिभेवर चढत नव्हतं.

"आज नाही होत, बापा," ती मोठ्यानं म्हणाली. "त्या माणसाची मला किळस आलीय, आणि तुझ्यापुढे मी ती झाकणार नाही. उद्या परत बघते."

ती उठली आणि बाहीवर रश्श्याचा डाग पडलेला स्वेटर भिजत घातला.