चार बेअरिंगं आणि एक भ्रष्ट रस्ता

"फक्त सील बदला. बाकी जीपला काय बी झालेलं न्हाई," पिंटूदादा म्हणाले.

जीप माझ्या गॅरेजमध्ये जॅकवर होती आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतून तेल ठिबकत होतं. दादांनी बंगल्याच्या पोर्चमध्ये नुकत्याच पांढऱ्या फरश्या बसवल्या होत्या. त्यांच्यावर डाग पडायला लागले, म्हणून जीप माझ्याकडे आली. नाहीतर आली नसती.

मी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला हवालदार होतो. रिटायर झाल्यावर सांगलीत, विश्रामबागेच्या पुढं गॅरेज टाकलं. दादा आमच्या भागातले होतकरू पुढारी. ही जुनी फोर-व्हील जीप त्यांनी हौसेनं घेतली होती. काळा रंग, मोठे टायर, टपावर लाइटांची रांग. वरून जे दिसतं ते सगळं नवं होतं.

त्याच आठवड्यात दादांचं आंदोलन गाजत होतं. त्यांच्या गावाला जाणारा रस्ता नवा झाला होता. दादांचं म्हणणं, रस्ता निकृष्ट आहे, कारण पन्नासच्या पुढं गेलं की जीप थडाथडा उडते. कार्यकर्ते जीपमध्ये मागं बसायचे, दातांवर दात आपटायचे आणि म्हणायचे, "दादा, लय भ्रष्टाचार झालाय." सोमवारी रास्ता रोको ठरला. मागणी एकच, रस्त्याच्या इंजिनिअर कुलकर्णी मॅडमची बदली.

मॅडम पाहणीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी गाडी तर थरथरत नाही."

"तुमची गाडी सरकारी हाय," दादा म्हणाले. "ती तुमच्याच बाजूनं बोलणार."

हे सगळं मला ठाऊक होतं, कारण मॅडमची गाडीही माझ्याकडेच दुरुस्तीला येते. त्या रस्त्यावरून मी रोज स्कूटरवर येतो. चहाचा ग्लास हातात धरून बसावं इतका तो सपाट आहे.

"दादा, जरा इकडं या," मी म्हणालो. "चाकाला एक हात वर लावा, एक खाली. आता हलवा."

दादांनी हलवलं. चाक खडखड वाजलं, दुधाचा दात हलावा तसं.

"हे काय?"

मी समजावलं. साध्या गाडीचं पुढचं चाक नुसतं वळतं. फोर-व्हीलमध्ये त्याला वळायचंही असतं आणि इंजिनाची ताकद घेऊन ओढायचंही असतं. म्हणून ॲक्सलच्या टोकाला एक पोकळ लोखंडी गोळा असतो. चाक धरणारा भाग त्या गोळ्याभोवती फिरतो, वर एक आणि खाली एक अशा दोन बेअरिंगांवर. त्यांना स्विव्हल बेअरिंग म्हणतात. ती झिजली की चाकाला खेळ येतो. मग ठरावीक वेगात रस्त्यावर साधा सांधा लागला तरी चाकं डावी-उजवी मान हलवायला लागतात. तेल अडवणारं रबरी सीलही त्यामुळंच फाटतं. नुसतं सील बदललं तर महिन्यात परत तेल.

दादांनी चाक परत एकदा हलवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "मंजी रस्ता...?"

"रस्त्याचं मला काही कळत नाही. जीपचं सांगतो."

"सोमवारच्या आत हुईल?"

"होईल. पण दोन्ही बाजूंचं करावं लागेल."

"करा. आणि हवालदार, आवं, बाहेर बोलू नका."

मी चाकं, ब्रेक, हब उतरवले. आतले शाफ्ट ओढून काढले. गोळ्यात पाणी शिरून ग्रीसचा चहा झाला होता. खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरचे खड्डे पडले होते. दादा ज्या खड्ड्यांसाठी भांडत होते ते खरोखर होते, फक्त जागा चुकली होती.

नव्या वाट्या ठोकून बसवल्या. आता नाजूक काम. वरच्या टोपीखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, शिम म्हणतात. जास्त घातल्या तर बेअरिंग ढिलं राहतं, कमी घातल्या तर स्टेअरिंग जड होतं. किती घट्ट ते बघायला वजनाचा हुकवाला स्प्रिंगकाटा अडकवून चाक धरणारा भाग ओढायचा. माझा काटा मोडला होता, म्हणून मार्केट यार्डातल्या एका हळदवाल्याचा मागून आणला.

दादा नेमके तेव्हाच आले. "माझी जीप काय हळदीचं पोतं हाय व्हय?"

"पोतं असतं तर इतकं जपून ओढलं नसतं," मी म्हणालो.

रविवारी आम्ही दोघं त्या रस्त्यावर ट्रायलला गेलो. दादा चालवत होते. पन्नास. साठ. सत्तर. स्टेअरिंग त्यांच्या हातात शांत होतं. दादांचा चेहरा मात्र पडला.

"दादा, त्या बाईंची बदली होईल," मी म्हणालो. "त्यांची पोरगी इथल्या कॉलेजात शिकते."

पुढं रास्ता रोकोचा मांडव उभा राहत होता. तिथं दादांनी ब्रेक मारला. कार्यकर्ते धावत आले. दादा दार उघडून पायरीवर उभे राहिले.

"रस्ता सुधारला रं!"

"कवा?" एकानं विचारलं.

"आपल्या आंदोलनाच्या धसक्यानं. बसा मागं, बघा."

चौघं बसले. दादांनी फेरी मारून आणली. सगळ्यात जुना कार्यकर्ता उतरून डांबरावर हात फिरवत म्हणाला, "व्हय की! लय गुळगुळीत झालाय."

मांडव फुकट जाऊ नये म्हणून सोमवारी त्यातच कुलकर्णी मॅडमचा जाहीर सत्कार झाला. "चूक कबूल करून रातोरात काम करणाऱ्या अधिकारी" असं दादा माइकवर म्हणाले. मॅडम शाल-नारळ घेऊन खाली उतरल्या त्या थेट माझ्याजवळ आल्या.

"हवालदार, मी काहीच केलेलं नाही. नेमकं झालं तरी काय?"

बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण ज्यांच्या नोकरीवर आलं होतं त्यांना बाहेरचं कसं म्हणणार? मी हळूच सांगितलं, "चार बेअरिंगं बदलली."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी शालीचा पदर तोंडावर धरला. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. टाळ्या वाजल्या.

दादांचं वजन त्यानंतर वाढलं. ते बघून शेजारच्या गावातले दोन पुढारी आपापल्या जुन्या जीपा घेऊन माझ्याकडे आले. धंद्यात मी एक गोष्ट शिकलो आहे. काम हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाची तक्रार नीट ऐकावी. म्हणून दोघांनाही मी पहिला प्रश्न तोच विचारला, "आंदोलन कुणाविरुद्ध आहे?"