आईच्या टेबलाचा साग

संगमनेरहून पुण्याच्या एसटीत बसलो ते आईच्या शिवणयंत्राच्या टेबलाची फळी मांडीवर आडवी घेऊन. कंडक्टर दोनदा म्हणाला, वर ठेवा. मी ऐकलं नाही. माझा सहसा कुणावर विश्वास बसत नाही, आईवरच गेलोय. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. यंत्र तिनं देऊन टाकलं, पण पहिल्या कमाईतून घेतलेल्या टेबलाची फळी तेवढी माझ्यासाठी ठेवली. मी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ‘‘माझा साग तुझ्या हातात वाजू दे,’’ म्हणाली, ‘‘पण डोळ्यांदेखत कापून घे. लोक फळी बदलतात.’’

राजगुरुनगर सोडलं आणि चाकणच्या अलीकडे कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली. दोन्ही बाजूंना कारखान्यांचे लांबच लांब पत्रे, मध्येच एखादं कांद्याचं वावर. वेळ होताच, म्हणून फळीच्या खालच्या बाजूला पेनानं ठसठशीत सही ठोकून ठेवली. चाकणच्या चौकात उतरल्यावर रिक्षावाल्यानं भलत्याच गल्लीत नेलं. मुद्दामच नेलं असणार.

दत्ताभाऊंची शेड त्यांच्याच शेताच्या कडेला. आधी ते कंपन्यांना यंत्रं पाठवायच्या लाकडी पेट्या करून द्यायचे. आता इलेक्ट्रिक गिटारची अंगं घडवतात.

‘‘नुसत्या सागाची नका करू,’’ फळी आईच्या टेबलाची हे ऐकून, ती हातात तोलत ते म्हणाले. ‘‘वाजवता वाजवता खांदा उतरंल. आन् जाडीबी पुरत न्हाई. खाली तून लावू, वर तुमचा साग.’’ तून म्हणजे सतारीला वापरतात ते हलकं लाकूड.

‘‘म्हणजे भेसळ.’’

‘‘भेसळ न्हाई राव, जोड हाय.’’

इतकं गोड बोलणारा माणूस दिसला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. तरी हो म्हणालो. लगेच कापा म्हटलं, तर ते हात धुवायला निघाले. ‘‘आधी जेवा. पाव्हना उपाशी ठिवून आमच्यात करवत लावत न्हाईत.’’

वहिनींनी पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा (कुटलेली हिरवी मिरची) वाढला. असं पिठलं बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं. पण फळी शेडमध्ये, मी घरात! त्यात दत्ताभाऊ ‘‘मोटर बगून येतो’’ म्हणून उठले ते बराच वेळ आलेच नाहीत.

परतल्यावर त्यांनी फळीवर गिटारचा आकार आखला आणि करवतीवर धरली. पहिला तुकडा गळून पडला. मी उचलला. वर पापुद्र्याएवढा साग, खालीही तसाच, आणि मध्ये फिकट, भुसभुशीत लाकूड. काठाला सागाची पट्टी ठोकलेली, म्हणून इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

‘‘फळी बदललीत तुम्ही! मी जेवत होतो तेव्हा!’’ मी ओरडलोच.

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्या हातातला तुकडा उलटा केला. खाली माझी सही होती, अर्धी कापलेली.

‘‘आंबा हाय मधी,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘मलाबी साग वाटला व्हता. टेबल इकनाऱ्यानं तवाच फशिवलं आईला.’’

मी ओशाळून माफी मागितली. पण आईचं काय? अख्ख्या गल्लीला तिनं तो साग कौतुकानं दाखवला होता.

‘‘काठाला गडद रंग द्या,’’ मी म्हणालो. ‘‘आतलं दिसायला नको.’’

‘‘कुनाला फशिवताय?’’ आता संशय त्यांच्या डोळ्यांत होता.

‘‘आईला.’’

त्यांनी रंगाचा डबा मांडणीवरून खाली काढला.

महिन्याभरानं पुन्हा चाकणला जाऊन तयार गिटार घरी आणली. मागे जाताना फळी मांडीवरून सोडली नव्हती; येताना गिटार मी रॅकवर टाकली आणि झोपलो. माणूस चोरीला भितो तो मालाची खात्री असते तोवर, असं आता वाटतं. घरी आईनं गिटार मांडीवर घेतली, वरून तळहात फिरवला. मग तिचा अंगठा काठावरून सावकाश सरकत गेला.

‘‘बदलली नाही ना रे त्यानं?’’

‘‘नाही आई. तुझीच फळी आहे.’’

तिनं माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा तिनं कुणाच्या शब्दावर तिथल्या तिथे विश्वास ठेवला, आणि तो माझ्या.