फोडलेले उंबरे

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवात जडला तेव्हा या विषयात घरात सगळ्यांत जास्त अक्कल मलाच आहे, असं मी धरून चाललो. नेवाशाच्या महाविद्यालयात मी मुलांना हालचालीचं शास्त्र शिकवतो. कोणता स्नायू आखडला की कोणता सांधा वाकतो, वगैरे. दादांची सगळी नोकरी पाटकरी म्हणून कालव्याच्या भरावावरून पायी फिरण्यात गेली. आता ते खुर्चीतून उठायचे, चार पावलं टाकायचे आणि दारापाशी आले की पाय जागच्या जागी थिजायचे.

“चिकटल्यावानी हुतं रे,” ते म्हणायचे. “मी लई न्हाई मागत. संडासला तेवढं एकट्याला जाऊ द्या मला.”

मग मी गवंडी आणून घरातले सगळे उंबरे काढून टाकले. अडथळा गेला की पाय चालेल, हा माझा तर्क. आई भयंकर चिडली. पुढच्या दाराच्या उंबऱ्याला ती रोज हळदकुंकू वाहायची. “आता काय तुझ्या फरशीला वाहू?” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या जागी रांगोळीची ठसठशीत रेघ ओढून तिलाच हळदकुंकू वाहून मोकळी झाली.

आधी दादा उंबऱ्याशी थबकून का होईना, तो ओलांडायचे; आता मात्र ते आधीपेक्षा जास्त अडकू लागले. मी मागून ओरडायचो, “पाय उचला ना, दादा!” एकदा वैतागून हलकंच ढकललं, तर ते गुडघ्यांवर पडले. त्याची लाज मला अजून वाटते.

ते कुठे अडकत नाहीत, हे आईने हेरलं.

“पुढल्या दारातून कसे सरळ जात्यात बघ,” ती म्हणाली. “रांगोळीवर पाय द्यायचा न्हाई म्हनून उचलत्यात.”

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं, घरात रेघा मारून बघा. मग मी पुस्तकं उघडली, जी गवंड्याच्या आधी उघडायला हवी होती. सवयीचं चालणं मेंदू आपोआप सांभाळतो, आणि या आजारात नेमकी तीच सोय बिघडते. पण समोर दिसणारं काही ओलांडायचं असलं, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढून घेतो. पायात ताकद होतीच. ओलांडायला काहीतरी हवं होतं, आणि मी ते घरभर शोधून शोधून फोडलं होतं.

रविवारी खुर्चीपासून संडासापर्यंत पावलापावलावर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या मारल्या. रंग वाळल्यावर दादा उठले. पहिली पट्टी ओलांडली, दुसरी ओलांडली. मी हात पुढे करून मागे मागे होतो.

“तू थांब तिथंच,” ते म्हणाले.

शेवटची पट्टी ओलांडून ते आत गेले आणि दार ओढून घेतलं. ‘कडी लावू नका’ म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं, तोच आईने माझा दंड घट्ट धरला. आतून कडी लागली.